घडणावळीचें मोल

१

दागिन्याची किंमत जेथें तराजूवर ठरते, तेथें दागिन्याची समीक्षा सहसा जन्मास येत नाहीं. आमच्याकडे कवितेची चिकित्सा होते, नाटकाची होते, गवयाच्या एकेका तानेवरून रात्र रात्र वाद चालतात. परंतु जी कला घराघरांतून नांदते, जिच्यावांचून आमचें एकही मंगल कार्य पार पडत नाहीं, तिच्याविषयीं रसिकाच्या भूमिकेवरून लिहिलेलें कांहीं वाचूं म्हटलें तर हातीं फार थोडें लागतें. नवा दागिना घरीं आला म्हणजे पहिला प्रश्न 'किती तोळ्यांचा?' हा असतो. दुसरा 'कितीला पडला?' हा, आणि तिसरा, विचारलाच तर, 'घडणावळ काय घेतली?' हा. या तिसऱ्या प्रश्नाच्या स्वरांत बहुधा हळहळ असते. घडणावळ म्हणजे बुडालेला पैसा, अशी आमची पक्की समजूत आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनें ती खोटीही नाहीं. दागिना मोडावयास नेला कीं लाख, खडे आणि घट वजा होऊन सोन्याचे पैसे हातीं पडतात. कारागिराच्या बोटांनीं त्या सोन्याचें जें कांहीं केलेलें असतें, त्याबद्दल दमडीही मिळत नाहीं.

आज ज्या कलावंताविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्यांच्या अलंकारांना हा हिशेब लावूं गेल्यास मोठीच पंचाईत होईल. त्यांतील धातु सराफाच्या कांट्यावर घालण्याजोगा नसतो, आणि त्यांतील रत्नें कित्येकदां मुद्दाम पोखरून हलकीं केलेलीं असतात. त्यांच्या कामाचें सारें मोल घडणावळींत आहे. हे कलावंत म्हणजे हाँगकाँगचे वॉलेस चॅन. विद्यमान अलंकारकारांत आम्ही त्यांस अग्रस्थान देतों.

त्यांच्या बरोबरीचे दुसरे कोणी नाहींत, असें नव्हे. पॅरिस येथील जोएल रोझेन्थॉल यांच्या चारशेंहून अधिक कृतींचें प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमनें २०१३ सालीं भरविलें होतें. काळसर धातूवर बारीक बारीक रत्नें छटेमागून छटा लावीत बसवून ते एखादी पाकळी अशी उभी करतात कीं ती रंगविलेली वाटावी. आमच्या मुंबईंतच वीरेन भगत प्लॅटिनमच्या अत्यंत नाजूक चौकटींत हिरे व मोतीं बसवितात आणि मोगल आकृतींचें जुनें वळण नव्या संयमानें पुढें नेतात. दोघांविषयींही आम्हांला आदर आहे. परंतु रोझेन्थॉल हे रंगाचे कलावंत, भगत हे रेषेचे. चॅन यांनीं मात्र दागिना म्हणजे काय आणि तो कशाचा करावा, हा प्रश्नच पुन्हां पहिल्यापासून विचारला. म्हणून आमची निवड त्यांच्याकडे झुकते.

२

चॅन यांचा जन्म १९५६ सालीं चीनमधील फूचौ येथें झाला. पांच वर्षांचे असतांना ते हाँगकाँगला आले. घरीं दारिद्र्य होतें. तेराव्या वर्षीं शाळा सुटली आणि हातास येईल तें काम करणें प्राप्त झालें. १९७३ सालीं ते रत्नें कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवार म्हणून राहिले आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं आपलें स्वतंत्र लहानसें काम थाटलें. चिनी परंपरेंतील देवदेवता, पशुपक्षी आणि डोंगरदऱ्या दगडांत कोरण्याचें शिक्षण त्यांना या धंद्यांत मिळालें. पाश्चात्य शिल्पाचें शिक्षण देणारा गुरु मात्र कोणी नव्हता. तेव्हां हाँगकाँगच्या ख्रिस्ती दफनभूमींत जाऊन थडग्यांवरील देवदूतांच्या मूर्ति न्याहाळाव्या, वस्त्राच्या चुण्या आणि मानेचें वळण लक्षांत घ्यावें, असा क्रम त्यांनीं ठेवला. कलाशाळेंत पाऊल न टाकतां दोन संस्कृतींचें शिल्प ज्यानें असें वेंचून घेतलें, त्याच्या चिकाटीविषयीं निराळें सांगावयास नको.

या चरित्रांतील एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील साऱ्या विवेचनाचा पाया तीच आहे. चॅन हे मुळांत सोनार नव्हेत. ते कोरणारे आहेत. सोनार जोडीत जातो: तार ओढतो, पत्रा ठोकतो, डाग देतो, कोंदण भरतो, त्याचें काम जसजसें पुढें जातें तसतसा दागिना वाढत जातो. कोरणारा काढीत जातो. त्याच्या हातांतील वस्तु पहिल्या दिवशीं सर्वांत मोठी असते आणि शेवटच्या दिवशीं सर्वांत लहान. सोनाराची चूक वितळवून पुसतां येते. कोरणाऱ्याची चूक कायमची राहते. चॅन यांनीं पुढें धातु हातीं घेतला, मोठमोठे अलंकार रचले, तरी त्यांची बुद्धि कोरणाऱ्याचीच राहिली. काय घालावें यापेक्षां काय काढावें, हा त्यांचा विचार आहे.

३

या विचाराचें पहिलें मोठें फळ १९८७ सालीं दिसलें. त्या वर्षीं त्यांनीं सिद्ध केलेली कोरणी त्यांच्याच नांवानें 'वॉलेस कट' म्हणून ओळखली जाते. तिची कल्पना त्यांना एकाच चित्रांत एकावर एक प्रतिमा उमटविणाऱ्या छायाचित्रणावरून सुचली. पारदर्शक रत्नाच्या पाठीमागून आंत शिरून तेथें एक चेहरा कोरावयाचा, आणि भोंवतींचे पैलू अशा कोनांनीं पाडावयाचे कीं तो एकच चेहरा त्या पैलूंत प्रतिबिंबित होऊन समोरून पाहणाराला अनेक चेहरे दिसावे. पुष्कराज किंवा स्फटिक यांसारख्या दगडांत केलेलें हें काम पाहणाराला प्रथम जादूसारखें वाटतें. खरें म्हणजे तें भूमितीचें आणि धीराचें काम आहे.

हें काम कसें होतें तें समजून घेतलें म्हणजे आदर दुणावतो. बाजारांत मिळणाऱ्या हत्यारांनीं तें होईना, तेव्हां चॅन यांनीं दंतवैद्याचें दांत कोरण्याचें यंत्र घेऊन त्यांत फेरफार केले. तें मिनिटाला ३६,००० फेरे घेई. परंतु त्या गतीनें निघणाऱ्या उष्णतेनें दगडाला तडा जाण्याचें भय होतें. म्हणून कोरणें पाण्याखालीं करावें लागलें. पाण्याखालीं नीट दिसत नाहीं. तेव्हां एक रेघ कोरावयाची, दगड बाहेर काढावयाचा, पुसावयाचा, न्याहाळावयाचा आणि पुन्हां पाण्यांत घालावयाचा. त्यांत आणखी अडचण अशी कीं सारेंच काम उलटें. मागून कोरावयाचें म्हणून डावें तें उजवें होतें आणि उंचवटा हवा तेथें खळगा करावा लागतो. नाकाचा शेंडा पुढें यावयास हवा, तर तेथें सर्वांत खोल जावयाचें!

येथें टीकाकारानें क्षणभर थांबावें, असें कांहीं आहे. त्या रत्नांत आपणांस जो चेहरा दिसतो तो कशाचा बनलेला आहे? तो दगडाचा नाहीं. जेथून दगड काढून टाकला त्या पोकळीचा तो आहे. भोंवतींचे चेहरे तर त्या पोकळीचींही केवळ प्रतिबिंबें. म्हणजे पाहणाराचें मन ज्यावर खिळतें, त्या साऱ्या दृश्यांत वजन असें मुळीं नाहींच. रत्नाच्या बाजारांत मोल कॅरटवर ठरतें आणि एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. या मापानें पाहिलें तर चॅन यांनीं रत्नाचा प्रत्येक कण काढतांना त्याची किंमत कमीच केली. तरीही तें रत्न कोरण्यापूर्वीं जेवढें होतें त्याहून शतपट अधिक झालें, हें कोणीही डोळस मनुष्य कबूल करील. मग ही वाढ आली कोठून? ती घडणावळीची आहे. आमच्या सराफी व्यवहारांत जिला शून्य किंमत, तिनेंच येथें सर्व किंमत निर्माण केली आहे.

४

या शतकाच्या आरंभीं चॅन यांच्या आयुष्यांत एक विलक्षण खंड पडला. मालमत्ता सोडून ते सुमारें सहा महिने बौद्ध भिक्षु होऊन राहिले. रत्नें कोरणारा मनुष्य संन्यास घेतो, आणि सहा महिन्यांनीं पुन्हां रत्नांकडेच परत येतो, ही घटना चरित्रकारास जितकी महत्त्वाची तितकीच समीक्षकासही आहे. कारण परत आल्यावर त्यांनीं जें काम केलें त्याची जात पालटली. हातीं पैसा नव्हता, म्हणून सोन्याऐवजीं तांबें, पोलाद अशा साध्या धातूंवर त्यांनीं काम केलें. आणि त्यांची दृष्टि टिटॅनियमवर स्थिरावली.

टिटॅनियमचा शोध १७९१ सालीं इंग्लंडांत कॉर्नवॉल येथें लागला आणि १७९५ सालीं क्लाप्रोथ या जर्मन रसायनज्ञानें ग्रीक पुराणांतील प्रचंडकाय टायटनांवरून त्याला नांव दिलें. विमानें आणि मोडलेल्या हाडांस द्यावयाचा आधार यांसाठीं तो आज सर्वत्र वापरला जातो. शरीराला तो बाधत नाहीं आणि हवेनें काळवंडत नाहीं. अलंकारांत त्याचा उपयोग चॅन यांनींच प्रथम केला असें नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील कांहीं कारागिरांनीं त्याच्या रंगांवर लुब्ध होऊन दागिने केले होते. परंतु मोठ्या मोलाचीं रत्नें ज्यांत जडवावीं असा प्रतिष्ठित धातु त्याला चॅन यांनीं बनविलें. या धातूच्या अभ्यासांत त्यांचीं आठ वर्षें गेलीं, आणि २००७ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथील जत्रेंत ते टिटॅनियमचे अलंकार जगापुढें आले.

आठ वर्षें कशाला लागलीं असें कोणी विचारील, तर त्या धातूची प्रकृति पाहावी. सोनें १,०६४ अंश सेल्सियसला वितळतें. टिटॅनियमला १,६६८ अंश लागतात. सोनाराची बागेसरी आणि फुंकणी तेथें चालत नाहींत. तापविलेला टिटॅनियम हवेशीं संयोग पावून ठिसूळ होतो, म्हणून जोडकाम आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूंत करावें लागतें. सोनें मऊ व आज्ञाधारक असतें. वळवाल तसें वळतें आणि तसेंच राहतें. टिटॅनियम हट्टी आहे. वाकविला तरी थोडा मागें उसळतो, त्यामुळें त्याच्या नख्यांनीं रत्न घट्ट धरविणें फार कठिण. इतकी मारामार करून मिळतें काय? दोन गोष्टी मिळतात. एक, रंग. विजेच्या प्रवाहानें त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवितां येतो. त्या थराच्या जाडीप्रमाणें जांभळा, निळा, सोनेरी, गुलाबी असे रंग साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे दिसूं लागतात, आणि त्यांत रंगद्रव्य कणभरही नसतें. दुसरी गोष्ट, हलकेपणा. पाण्याच्या मानानें सोनें १९.३ पट जड, तर टिटॅनियम साडेचार पट. म्हणजे एकाच आकाराचा दागिना टिटॅनियमचा केला तर सोन्याच्या चतुर्थांशाहूनही कमी वजनांत होतो.

या हलकेपणाचें महत्त्व ज्यांनीं लग्नसमारंभांत दिवसभर मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, साज आणि तोडे घालून वावरण्याचा अनुभव घेतला आहे, त्या आमच्या वाचक भगिनींना तरी आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. चॅन यांच्या अलंकारांशीं आमचा परिचय, बहुतेक रसिकांप्रमाणें, मुख्यतः छायाचित्रांतून आणि चित्रफितींतून झालेला आहे; आणि हलकेपणा हा गुण छायाचित्रांत उतरत नाहीं. पण त्याचा परिणाम उतरतो. तळहाताहून मोठें फुलपाखरूं खांद्यावर बसलें आहे आणि वस्त्र खालीं ओघळलेलें नाहीं, हें दिसतें. सोन्यांत असा आकार केला असता तर तो कपाटांत ठेवावा लागला असता. आकार आणि ओझें यांची जी हजारों वर्षांची गांठ, ती चॅन यांनीं सोडविली.

५

हीच वृत्ति त्यांच्या जडणींतही दिसते. पाश्चात्य पद्धतींत रत्न धातूच्या नख्यांनीं धरतात. आमच्या कुंदनकामांत नख्या नसतात. शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा रत्नाभोंवतीं दाबून दाबून बसवितात आणि तें सोनेंच रत्नाला कवटाळून राहतें. चॅन यांनीं तिसरी वाट काढली. चिनी लांकूडकामांत खिळा न मारतां एका लांकडाची जीभ दुसऱ्याच्या खोबणींत बसवून सांधा करतात. त्या धर्तीवर त्यांनीं एका रत्नांत दुसरें रत्न बसविण्याची रीत सिद्ध केली. तेथें धातु दिसतच नाहीं. रत्नच रत्नाचें कोंदण होतें. चिनी लोकांस परमप्रिय असलेलें जेड घेऊन त्याचा पाठचा भाग पोखरून पातळ करावा, म्हणजे प्रकाश आरपार येऊन तो हिरवा रंग आंतून उजळल्यासारखा दिसतो, हीही त्यांचीच युक्ति. पुन्हां तीच गोष्ट: काढून टाकण्यानें वाढविणें.

२०१८ सालीं त्यांनीं सात वर्षांच्या प्रयोगानंतर एक नवी चिनी माती पुढें आणली. ती पोलादाच्या पांचपट बळकट असल्याचें सांगितलें जातें. तिच्या मुळाशीं लहानपणची एक आठवण आहे, असें ते सांगतात. घरांत मोठ्या माणसांना जेवावयास चिनी मातीचे चमचे असत आणि मुलांना प्लॅस्टिकचे. त्या चमकदार चमच्याचा मोह पडून मुलानें तो हातीं घेतला आणि तो पडून फुटला. साठीं उलटल्यावर त्या मुलानें न फुटणारी चिनी माती तयार करून तिच्या आंगठ्या केल्या. माती ही तर आमच्या बोलींत कवडीमोलाची उपमा! ती हिऱ्याच्या पंक्तीला बसवून दाखविणें, यांत आम्हांस अलंकारकाराची सर्वांत मोठी कसोटी दिसते. ज्याला हिरा सुंदर करून दाखवितां येतो तो कुशल. ज्याला माती सुंदर करून दाखवितां येते तो कलावंत.

६

आतांपर्यंत आम्हीं रीतीविषयीं बोललों. पण रीति कितीही अद्भुत असली तरी कांहीं सांगावयाचें नसेल तर ती दोरीवरच्या कसरतीसारखी होते. चॅन यांना सांगावयाचें आहे. त्यांच्या आवडीचे विषय दोन: फुलपाखरूं आणि किडा. चीनमध्यें लिआंग शानपो आणि चू यिंगताई यांची प्रेमकथा घरोघर ठाऊक आहे. जीवंतपणीं ताटातूट झालेले ते दोघे मृत्यूनंतर फुलपाखरें होऊन एकत्र उडून गेले. चॅन यांची फुलपाखरें या कथेच्या छायेंत वावरतात. त्यांच्या 'फॉरेव्हर डान्सिंग' या मालिकेंतील एका अलंकारांत खऱ्या फुलपाखराचे पंख स्फटिकाच्या आड जपून बसविलेले आहेत. मेलेल्या जिवाचे खरे पंख, त्यांवर न मरणाऱ्या दगडाचें आवरण आणि भोंवतीं हिऱ्यांचा प्रकाश! नश्वर वस्तु अमर पदार्थांत ठेवली म्हणजे ती अमर होत नाहीं. उलट तिची नश्वरता अधिक उठून दिसते. हा अर्थ शब्दांत सांगण्यास एखाद्या कवीला पांच-सहा कडवीं लागलीं असतीं.

किड्यांत त्यांना विशेष प्रिय तो झाडावर किर्र आवाज करणारा कीटक, ज्याला इंग्रजींत सिकाडा म्हणतात. हा जीव दीर्घकाळ जमिनींत राहून मग कात टाकून पंख पसरतो, म्हणून चिनी लोकांनीं त्याला पुनर्जन्माचें चिन्ह मानिलें. हान राजवटीच्या काळीं मृताच्या जिभेवर जेडचा सिकाडा ठेवण्याची चाल होती. चॅन यांनीं तो मृताच्या मुखांतून काढून जिवंत स्त्रीच्या खांद्यावर बसविला. परंपरेशीं नातें कसें ठेवावें, याचा हा वस्तुपाठ आहे. जुन्या आकृतीची नक्कल करणें म्हणजे परंपरा नव्हे. जुन्या आकृतीला नवी जागा देणें ही परंपरा.

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमनें २०१९ सालीं त्यांचा खांद्यावर लावावयाचा एक अलंकार आपल्या संग्रहांत घेतला. त्यापूर्वीं २०१२ सालीं पॅरिसच्या प्राचीन कलावस्तूंच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत स्थान मिळालेले ते पहिले चिनी अलंकारकार ठरले होते. २०२१ पासून व्हेनिस येथें त्यांनीं टिटॅनियमचीं मोठालीं शिल्पेंही मांडलीं आहेत. परंतु त्यांचें खरें स्थान अलंकारांतच आहे, असें आम्हांस वाटतें. मोठें शिल्प प्रेक्षकापासून दूर उभें राहतें. अलंकार अंगाच्या उबेनें पुरा होतो.

७

प्रशंसेच्या भरांत दोष झांकणें हें टीकाकाराचें काम नव्हे. चॅन यांच्या कांहीं कृतींत सामर्थ्याचा अतिरेक होतो. २०१५ सालचा त्यांचा प्रसिद्ध कंठहार 'अ हेरिटेज इन ब्लूम' हें याचें उदाहरण. दक्षिण आफ्रिकेंतील कलिनन खाणींत २००९ सालीं ५०७.५५ कॅरटचा एक कच्चा हिरा सांपडला. हाँगकाँगच्या चाऊ ताई फूक या पेढीनें तो साडेतीन कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला आणि त्यांतून २४ निर्दोष हिरे पाडविले, त्यांतील सर्वांत मोठा १०४ कॅरटचा. हे सारे हिरे घेऊन चॅन यांनीं हा हार रचला. त्याला ४७,००० तासांचें काम लागलें, आणि तो निरनिराळे भाग जोडून व सोडून २७ प्रकारांनीं घालतां येतो. फुलें आहेत, फुलपाखरें आहेत, चीनमध्यें शुभ मानलीं जाणारीं वटवाघुळें आहेत, शुभ्र आणि हिरवें जेड आहे.

हें सर्व वाचतांना छाती दडपते. पण हार पाहतांना मन विसावत नाहीं. संस्कृत साहित्याच्या उतरत्या काळीं कांहीं पंडितकवि एकाच श्लोकांत यमक, श्लेष आणि चित्रबंध कोंबून आपलें प्रभुत्व दाखवीत. त्या श्लोकांची आठवण येथें होते. सत्तावीस प्रकारांनीं घालतां येणारा हार कोणत्या एका प्रकारानें शोभतो, असा प्रश्न पडतो. क्षेमेंद्रानें ज्याला काव्याचें जीवित मानिलें तें औचित्य येथें कांहींसें मागें पडलें आहे. आणि मुख्य म्हणजे, येथें मोल पुन्हां हिऱ्याकडे गेलें. हिऱ्याचें वजन, त्याची जात, त्याची किंमत यांचीच चर्चा जगभर झाली. घडणावळ तासांच्या आंकड्यापुरती उरली. ज्या कलावंतानें वजनाचें राज्य मोडलें, त्याच्या हातून वजनाचा असा गौरव व्हावा, याचा आम्हांस विषाद वाटतो. त्याच्या एखाद्या फुलपाखरावरून हे असले दहा हार आम्ही ओंवाळून टाकूं.

दुसरा आक्षेप असा कीं हे अलंकार मूठभर धनिकांसाठीं आहेत. हें खरें आहे. परंतु अजिंठ्याचीं लेणीं आणि पेशव्यांचे वाडे यांवरही धनिकांचाच पैसा खर्च झाला होता. पैसा कोणाचा, हा एक प्रश्न. त्या पैशानें जगाच्या सौंदर्यांत भर पडली कीं कोणाच्या तिजोरींत, हा निराळा. उत्तम कारागिराच्या हातून निघालेली कल्पना दहा-वीस वर्षांनीं साध्या दुकानांत उतरते. टिटॅनियमच्या रंगीत कुड्या आज सामान्य स्त्रीलाही परवडतात.

८

आतां आमच्या घरांकडे वळूं. छांदोग्य उपनिषदांत सोन्याचा एक दृष्टांत आहे आणि आमच्या संतांनीं तो घरोघर पोंचविला: सोनें तेवढें सत्य, बाकी दागिने म्हणजे नुसतीं नांवें आणि रूपें. ब्रह्मज्ञानाच्या दृष्टीनें हें वचन अबाधित असेल. पण मौज अशी कीं, वेदांत्याचें हें म्हणणें सर्वांत काटेकोरपणें कोणी पाळीत असेल तर तो मोड घेणारा सराफ! नथ काय, ठुशी काय आणि वाकी काय, त्याच्या लेखीं सारें सोनेंच. कलेचें शास्त्र याच्या नेमकें उलट आहे. येथें नामरूपच सत्य आहे. सोनें हें केवळ निमित्त. आणि ज्यांनीं सहा महिने काषाय वस्त्रें नेसून मायेचा विचार केला, त्या चॅन यांनींच परत येऊन नामरूपाचा एवढा गौरव करावा, यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. द्रव्याचा मोह सुटल्यावरच रूप शुद्ध दृष्टीनें पाहतां येतें.

आमच्याकडे घडणावळीला मोल नसल्याचा परिणाम काय झाला, हें दुःखानें सांगावें लागतें. प्रत्येक पिढीनें मागच्या पिढीचे दागिने मोडले. आजीच्या गोठ-पाटल्यांच्या आईनें बांगड्या केल्या. आईच्या चिंचपेटीचा लेकीनें हार केला. सोनें राहिलें, कला मुशींत गेली. आमचें जुनें शिल्प पाहावयास वेरूळ आहे, जुनें वस्त्र पाहावयास पैठणी आहेत. पण दोन-अडीचशें वर्षांपूर्वींचा सामान्य मराठी घरांतील दागिना पाहूं म्हटलें तर तो बहुधा चित्रांतच पाहावा लागतो. आणि तो घडविणाराचें नांव तर चित्रांतही नाहीं. ज्या देशांत रत्नाला कुळ असतें, सोन्याला कस असतो आणि कारागिराला नांव नसतें, तेथें कला वंशपरंपरेनें जगेल. पण वाढणार नाहीं.

यावर घरच्या गृहिणीचा एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. 'आजारपण आलें, दुष्काळ पडला, घरधनी गेला, तर उपयोगी पडतें तें सोनें. तुमचें टिटॅनियमचें फुलपाखरूं कोण गहाण ठेवून घेईल?' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवांतून आलेला आहे. ज्या काळीं स्त्रीला दुसरी मालमत्ता नव्हती त्या काळीं अंगावरचें सोनें हेंच तिचें एकमेव रक्षण होतें. स्त्रीधन हा शब्द उगाच जन्मला नाहीं. तेव्हां सोनें जवळ करूं नका, असा उपदेश आम्ही करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं एकाच वस्तूकडून दोन कामें घेऊं नयेत. संकटासाठीं सोनें हवें तर शुद्ध सोन्याचीं वेढणीं घेऊन ठेवावीं. त्यांना घडणावळ पडत नाहीं आणि मोडतांना हळहळ होत नाहीं. पण जो अलंकार म्हणून घ्यावयाचा तो थोडका घ्यावा, हलका घ्यावा, चांगल्या हाताचा घ्यावा. तो कोणीं घडविला तें नांव लिहून ठेवावें, आणि तो मोडूं नये.

चॅन यांच्या अलंकारांपासून आमच्या वाचकांनीं घेण्यासारखें आहे तें हेंच. ते विकत घेणें आपल्यापैकीं कोणासही शक्य नाहीं; त्याची जरुरीही नाहीं. पण पुढच्या खेपेस सराफाच्या पेढीवर दागिना हातीं घ्याल, तेव्हां तो कांट्यावर घालण्यापूर्वीं क्षणभर उजेडांत धरून पाहावा. तार कशी ओढली आहे, जोड कोठें लपविला आहे, मोत्याच्या नथेचा आंकडा कसा वळविला आहे, हें पाहावें. एवढें पाहण्याची संवय लागली म्हणजे घडणावळ देतांना हात आखडणार नाहीं. आणि ती आनंदानें देणारीं माणसें ज्या गांवांत असतील, त्या गांवच्या आळींत एखादा पोरगा आज ना उद्यां दंतवैद्याचें जुनें यंत्र मागून आणील.